मरण, मयत आणि माती : एका क्रियापदाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘मरणे’ हे क्रियापद दिवसभर तोंडात असते. चैत्रात ‘मरणाचं ऊन’ पडते, नवरात्रात अंबाबाईच्या दारात ‘मरणाची गर्दी’ होते, न जमलेला व्यवहार ‘मरू दे’ म्हणून सोडून दिला जातो आणि उशिरा घरी आलेल्या पोराला ‘कुठं मरायला गेलावतास?’ असे विचारून आई ताट वाढते. घरात खरोखर कोणी मरण पावले, की हे क्रियापद त्याच घरातून नाहीसे होते. ‘आबा गेले’, ‘काकू वारल्या’, ‘त्यांच्यात मयत झालीय’, ‘माती किती वाजता हाय?’ असे बोलले जाते. मराठीने हा शब्द ऊन, गर्दी आणि रागावणे यांना मोकळा दिला आणि माणसासाठी मात्र राखून, झाकून ठेवला, ही या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे.

व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘मृ’ धातूपासून प्राकृतात ‘मरइ’ आणि पुढे मराठीत ‘मरणे’ आले. ‘कृत’पासून ‘केला’ तसे ‘मृत’पासून ‘मेला’, म्हणून आपण ‘मरला’ म्हणत नाही. ‘मारणे’ हे त्याचेच प्रयोजक रूप आहे, आणि ‘अमृत’ही त्याच धातूचे. भूतकाळी ‘मेला’ला पुढे विशेषणाचे स्वतंत्र आयुष्य मिळाले. कपड्याचा रंग मरतो, भूक मरते, विळ्याची धार मरते, पटावरची सोंगटी मरते. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्यामुळे क्षार वर येऊन पांढऱ्या पडलेल्या रानाकडे बोट दाखवून शेतकरी ‘जमीन मेली’ म्हणतो, तेव्हा तो अलंकार वापरत नसतो. त्या रानात काही उगवत नाही, एवढेच तो सांगत असतो.

जुन्या पत्रव्यवहारात मरणाचा उल्लेख हुद्द्यानुसार बदलत असे. थोरांना ‘देवाज्ञा होई’, ते ‘कैलासवासी होत’. रणात पडलेले ‘कामी येत’ किंवा ‘धारातीर्थी पडत’. १७६१ मध्ये पानिपतचा संहार कळवणाऱ्या प्रसिद्ध निरोपात तर मरणाचा शब्दच नव्हता. मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा सराफी भाषेत ती बातमी गेली. खुर्दा म्हणजे कोण, हे तेव्हा ऐकणाऱ्याला विचारावे लागले नसणार.

तोच भेद गावगाड्यात कामाच्या रूपाने उभा होता. एखाद्या घरी मर्तिक झाले, की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचवण्यासाठी ऊन-पाऊस न बघता चालत जाणे आणि मेलेली जनावरे ओढून गावाबाहेर नेणे, ही कामे महार वतनदारांच्या माथी होती. दुसऱ्याच्या मरणाची वार्ता वाहणे हा ज्यांचा वंशपरंपरागत धर्म ठरवला गेला, त्यांच्या स्वतःच्या मरणाचा सांगावा कोण नेत असे, याची दखल कोणत्याही दप्तराने घेतली नाही. कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये महार वतन रद्द करण्याचा निर्णय झाला आणि १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत या साऱ्या व्यवस्थेविरुद्ध उघडपणे बोलले गेले. ‘सांगावा’ हा शब्द आज प्रेमाच्या निरोपासाठीही वापरतात. त्याची ही बाजू विसरली जाऊ नये.

सर्वांत गुंतागुंतीचा आणि म्हणून अधिक जागेचा हक्कदार शब्द आहे तो ‘मयत’. मूळ अरबी, अर्थ ‘मेलेला’. फारसी दप्तराबरोबर तो मराठीत आला आणि इथे त्याने चार कामे अंगावर घेतली. ‘मयत इसम’ म्हणताना तो विशेषण असतो, ‘मयताचे वारस’ म्हणताना व्यक्ती असते, ‘मयत उचलली’ म्हणताना देह असतो आणि ‘मयत झाली’, ‘मयतीला गेलेत’ म्हणताना तो प्रसंग असतो. व्यक्ती म्हणून तो बहुधा पुल्लिंगी राहतो, पण प्रसंग आणि देह म्हणून स्त्रीलिंगी होतो. शिवकाळात राजव्यवहारकोशाच्या निमित्ताने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय घडवण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्यानंतरही भाषाशुद्धीच्या लाटा येऊन गेल्या. पण ‘मयत’ हलला नाही. आजही काही लेखनिकांना आणि संपादकांना तो रांगडा, कचेरीतला वाटतो आणि ते त्याजागी ‘मृत’ किंवा ‘दिवंगत’ लिहितात.

हा बदल निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. मराठीतील मरणाचे बहुतेक आदरार्थी शब्द माणसाचा धर्म, पंथ किंवा जात सांगून जातात. ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, लिंगायतांत ‘लिंगैक्य’, बौद्धांत ‘कालकथित’, मुसलमानांसाठी ‘पैगंबरवासी’, ख्रिश्चनांसाठी ‘ख्रिस्तवासी’, असा प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. जैनांमध्ये तर क्रियापदाचा कर्ताच बदलतो. ‘सल्लेखना घेतली’ असे म्हणताना मरण त्या माणसाला येत नाही, अन्नपाणी हळूहळू सोडून तो व्रत म्हणून ते स्वीकारतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा वादाच्या मुळाशी हाच भेद होता. या सगळ्या शब्दांत ‘मयत’ हा एकटा असा आहे, की जो जमीनदाराला आणि त्याच्या गड्याला सारखाच लागतो. त्याचा कचेरीतला कोरडेपणा हीच त्याची समता आहे.

कचेरीतही त्याचे वजन मोठे आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी, असे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखालचे नियम सांगतात. पण शेतकरी कुटुंबात खरी नोंद सातबाऱ्यावर होते. खातेदार मयत झाला, की वारसांनी अर्ज द्यायचा, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद घ्यायची, फेरफार धरायचा आणि मयताच्या नावाला कंस करायचा. गावात ‘आज्याच्या नावाला अजून कंस पडला नाही’ हे वाक्य तक्रारीसारखे बोलले जाते. आजोबा जाऊन तीस-तीस वर्षे झालेली असतात, तेरावे, वर्षश्राद्ध, सारे यथासांग झालेले असते, आणि कागदावर मात्र ते अजून कुळासहित नांदत असतात. कर्ज काढताना, वाटणी करताना या जिवंत राहिलेल्या मेलेल्यांमुळे नातवंडांचे हाल होतात. २०२५ मध्ये राज्यभर राबवलेल्या मोहिमेला ‘जिवंत सातबारा’ असे नाव दिले गेले, ते याच अडचणीमुळे. मयतांची नावे काढून वारसांची लावल्यावर उतारा जिवंत होतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला गावाची भाषा नीट ठाऊक असली पाहिजे.

उलट दिशेचेही घडले आहे. कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना १४ मध्ये जुन्या जन्म-मृत्यूंबरोबर जातीचीही नोंद असे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच जीर्ण, मोडी लिपीतली पाने उलगडली गेली. शंभर वर्षांपूर्वी कोणा पणजोबाच्या मरणाची ओळ लिहिताना कारकुनाने शेजारच्या रकान्यात जे टिपले, त्यावर आज पणतूचा दाखला ठरतो.

मागे राहिलेल्यांच्या शब्दांचा प्रश्न याहून नाजूक आहे. नवरा ‘कैलासवासी’ झाला, की बायकोच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी लागते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हेही त्याच दिवशी घडते. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. दुसऱ्याच वर्षी ‘विधवा’ऐवजी शासकीय लेखनात ‘गंगा भागीरथी’ लिहावे, असा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावर कडाडून टीका झाली. ती टीका योग्य होती. ज्या जिल्ह्यातून बांगड्या न फोडण्याचा ठराव निघाला, तिथल्या बाईला पुन्हा नवऱ्याच्या मरणाची पाटी गळ्यात घालायला सांगणे हा सन्मान नव्हे.

वर्तमानपत्रातील निधनवार्तेच्या ठरलेल्या साच्यात अजून ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत’ हे वाक्य असते, आणि तिथे चितेला लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, गावोगावचे लोक दान म्हणून आणून देतात. बोलीत मात्र एक नवा शब्द वेगाने शिरला आहे. आमचे थोरले चुलते एका रुग्णालयात पहाटे गेले, तेव्हा खिडकीतल्या कर्मचाऱ्याने कागद पुढे करून ‘बॉडी कोण घेणार?’ असे विचारले. त्याचा स्वर वाईट नव्हता. काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘आमच्या मालकांना न्यायला आलोय.’ त्याने क्षणभर वर पाहिले आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले; त्या रकान्यावर छापले होते, ‘मयताशी नाते’.