मुतखड्याचा आळ दुधावर, आणि मीठ नामानिराळे

मुतखडा झाला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो टोमॅटो, पालक आणि वांग्याच्या बिया बंद करण्याचा. पाठोपाठ दूध-दही सुटते. मिठाचे नाव मात्र क्वचितच निघते. हे असे का झाले, त्याला एक इतिहास आहे.

बहुतेक मुतखडे कॅल्शियमचे असतात. अनेक रुग्णांच्या लघवीतून जास्त कॅल्शियम जाते, हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. फ्लॉक्स यांनी दाखवले. १९५३ मध्ये ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी या दोषाचे स्वतंत्र वर्णन केले. त्यातून निघालेला सरळ तर्क असा की कॅल्शियम जास्त जाते, तर ते खाऊच नका. पुढची कित्येक वर्षे डॉक्टर रुग्णांचे दूध तोडत राहिले.

या तर्काला मोठा धक्का बसला १९९३ मध्ये. कर्हान आणि सहकाऱ्यांनी ४५ हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांच्या आहाराची पाहणी केली, तेव्हा आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे दिसले. याचे उत्तर आतड्यात असावे. पालकासारख्या पदार्थांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते, ते लघवीत कॅल्शियमशी जुळले की खडा बनतो. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच या ऑक्झलेटला धरून ठेवते आणि ते शौचावाटे जाते. दूध बंद केले की ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात पोहोचते.

मग लघवीत कॅल्शियम वाढते कशाने? एक मोठे कारण मीठ. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत सोडियम परत शोषले जाते, तेव्हा त्याच्यामागोमाग कॅल्शियमही परतते. मीठ जास्त झाले की शरीर सोडियम बाहेर टाकू लागते, आणि कॅल्शियमही त्याच्याबरोबर निघून जाते. ढोबळ हिशेब असा की रोजच्या आहारात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियम साधारण ४० मिलिग्रॅमने वाढते. खडे होणाऱ्यांत ही वाढ अधिकही असते.

पुढचे काम इटलीतल्या पार्मा शहरात झाले. बोर्गी यांच्या गटाने वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षे दोन आहारांवर ठेवले. निम्म्यांना कमी कॅल्शियम. उरलेल्यांना नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. २००२ च्या निष्कर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडे झाले, दुसऱ्यातल्या १२ जणांना. मात्र इथे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय मिठाला देणे मला पटत नाही. २०१० मध्ये त्याच शहरातल्या संशोधकांनी मीठ वेगळे काढून पाहिले. तीन महिन्यांनंतर, भरपूर पाणी पिणाऱ्यांच्या लघवीत दिवसाला सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम होते. पाण्याबरोबर मीठही कमी केलेल्यांच्या लघवीत सुमारे २७०. खडे किती झाले हे त्यात मोजले नव्हते, तरी दिशा स्पष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील यांतले मीठही त्यातच मोजायचे. ‘उपवासाचे आहे, बाधत नाही’ म्हणून सैंधव वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. आपण नेमके किती मीठ खातो, याचा अंदाज चोवीस तासांच्या लघवीतल्या सोडियमवरून येतो. वारंवार खडे होत असतील, तर ही तपासणी डॉक्टरांकडे आवर्जून विचारावी.