'नाशिकची मुले' नाशिककर नव्हती

स्कॉटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या आफ्रिका मोहिमेतील 'नाशिकची मुले' या उल्लेखावरून ती नाशिकची स्थानिक मराठी मुले असावीत, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेली ही आफ्रिकी मुले होती आणि नाशिकजवळ 1854 मध्ये वसलेल्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ती शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट याने 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याचे शव किनाऱ्याकडे नेण्याच्या प्रवासाची रोजनिशी स्वहस्ते लिहिली आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा दिला. पुढे शरणपूरचे अनेक जण पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत स्थायिक झाले. नाशिककरांना आज शरणपूर आठवते ते बहुधा रस्त्याच्या नावापुरतेच.