महास्वयमवर नोकरीसाठी नोंदणी : कोणाला करता येते, काय लागतं आणि गाडी कुठे अडते

आधी दहावी-बारावीचा निकाल लागला की घरातले विचारायचे, एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलं का? तेच नाव आता ऑनलाइन घालायचं असतं, राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर. आणि जुनं सेवायोजन कार्यालय म्हणजे आताचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, रिक्षावाल्याला अजूनही एम्प्लॉयमेंट ऑफिसच सांगावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नाव घातलं म्हणजे नंबर लागणार आणि घरी कॉल लेटर येणार, असं काही होत नाही. २५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या हा १९५९ चा कायदा होता, २०२५ ला त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण जागा कळवणं वेगळं आणि तिथूनच माणूस घेणं वेगळं, घ्यायचं बंधन त्या कायद्यात नव्हतं. सरकारी भरतीतही फक्त कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर भागवू नका, जाहिरात पण द्या, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ लाच सांगून ठेवलंय. मग नोंदणी करायची कशाला? तर रोजगार मेळाव्यातल्या जागांना अर्ज करायला आणि सरकारी योजनांसाठी तो नोंदणी क्रमांक लागतो. शिवाय फुकट आहे.

अट म्हणाल तर महाराष्ट्राचे रहिवासी पाहिजे. शिक्षणाची अट नाही, दहावी नापास असाल तरी नाव घालता येतं. जवळ ठेवायचं ते आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर, मार्कशीट, आणि असेल तर जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र. रहिवासी दाखला आत्ता नसला तरी काढायला टाका, पुढे मागतातच.

साइटवर नोकरी साधक म्हणून रजिस्टर करायचं. नाव, जन्मतारीख, आधार नंबर, मोबाइल टाकला की ओटीपी येतो, मग पत्ता, शिक्षण भरून पासवर्ड तयार करायचा. नोंदणी क्रमांक मिळाला की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि वहीतही लिहा, कारण मोबाइल बदलला की तो कधीच सापडत नाही.

आता बहुतेकांचं घोडं अडतं ते आधारवर. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचंच, जन्मतारखेत नुसतं साल छापलेलं, असले प्रकार खूप असतात. फॉर्म भरताना आधारवर जसं आहे तसंच टाका, अक्षरन् अक्षर. चूक आधारमध्येच असेल तर आधी आधार सेंटरला जाऊन ती दुरुस्त करून घ्या आणि मगच नोंदणी करा, नाहीतर दोन्हीकडे वेगळं राहतं आणि कागदपत्रं तपासताना तुम्हालाच उभं करतात. नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाइलला लावून ठेवावी.

दुसरी गोष्ट, बरेच जण क्रमांक मिळाला की लॉगआउट करतात ते परत फिरकतच नाहीत. प्रोफाइल मात्र अर्धी. आयटीआय केलंय पण ट्रेड टाकलेला नाही, टायपिंग पास आहे पण लिहिलेलं नाही, मग कंपनीवाला फिटर शोधतो तेव्हा तुम्ही त्याला दिसणार कसे? लॉगिन करून शिक्षण, कौशल्य, अनुभव सगळं भरा. फोटो साधा चालतो, लग्नातला कापलेला नको.

हे झालं की पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावा या भागात आपला जिल्हा निवडून कुठल्या कंपनीच्या किती जागा, शिक्षण काय मागितलंय ते बघता येतं आणि तिथूनच अर्ज जातो. पण अर्ज टाकून गप्प बसू नका, मेळाव्याच्या दिवशी बायोडेटाच्या चार-पाच कॉप्या घेऊन जावं लागतं.

कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात काम शिकता शिकता विद्यावेतन मिळतं त्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेलाही हीच नोंदणी लागते. २०२४ ला सुरू झाली, वय १८ ते ३५, शिक्षण चालू असलेल्यांना नाही. विद्यावेतन बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधर आणि पदव्युत्तरला १० हजार. आधी ६ महिन्यांची होती, नंतर ११ महिने केली. हे प्रशिक्षण आहे, पर्मनंट नोकरी नाही, त्यामुळे हातची बरी नोकरी सोडून कोणी यात शिरू नये असं माझं मत. पैसे थेट खात्यात येतात पण कुठल्या खात्यात? तर ज्या बँकेला आधार शेवटचं सीड केलंय, म्हणजे जोडलंय, त्या. तुम्ही पासबुक एका बँकेचं देता आणि पैसे कॉलेजला असताना उघडलेल्या जुन्या खात्यात जाऊन बसतात, मग शोधाशोध. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस आधी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर पण नाव घाला, २०१५ पासून चालू आहे, तेही फुकट, हेल्पलाइन १५१४.

आणि हो, पैसे. या दोन्ही पोर्टलवर नोंदणीची फी शून्य. नेट कॅफेवाला फॉर्म भरायचे त्याचे पैसे घेईल ते वेगळं, पण सिक्युरिटी डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंग किटचे पैसे असं कोणी फोनवर मागितलं तर फोन ठेवा. साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन (gov.in) आहे का ते बघा, ओटीपी कोणाला सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर झाला की ते थांबवणं अवघड होतं. आधारला लावलेला नंबर बंद पडला असेल तर आधी आधार सेंटरवर नवीन नंबर जोडा. लॉगिनच होत नसेल तर आधार आणि मार्कशीट घेऊन जिल्हा केंद्रात जा, सकाळी गेलेलं बरं, जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी वाढते.