शैलचित्रे, सातपुडा-गाविलगड परिसरातील

नैसर्गिक शैलाश्रयांच्या (खडकांतील आडोशांच्या) भिंतींवर व छतांवर प्रागैतिहासिक काळापासून रंगवलेल्या किंवा कोरलेल्या चित्रांना शैलचित्रे म्हणतात. विदर्भाच्या सीमेलगतचा त्यांचा महत्त्वाचा समूह धारूळजवळ (ता. आठनेर, जि. बैतूल, मध्य प्रदेश) अंबादेवी परिसरातील वालुकाश्मात असून अमरावती जिल्ह्याचा मोर्शी तालुका तेथून जवळ आहे. अमरावती भागातील निसर्ग-अभ्यासकांनी २००७ मध्ये तो उजेडात आणला. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीची लेणी ऐतिहासिक काळात खोदलेली असल्याने त्यांचा समावेश येथे होत नाही.

या चित्रांचा काळ वादग्रस्त आहे. गेरूसारख्या खनिज रंगात सेंद्रिय कार्बन नसल्याने किरणोत्सर्गी कार्बन-पद्धती (सेंद्रिय अवशेषांतील कार्बनवरून वय काढण्याची रीत) थेट लागू पडत नाही. म्हणून एका चित्रावर दुसरे चित्र कसे चढले आहे, शैली कोणती आहे आणि विषय काय आहे, यांवरून अनुक्रम बांधावा लागतो. वन्य प्राणी व शिकारीची दृश्ये सामान्यतः आधीची, तर घोडेस्वार व शस्त्रधारी आकृती ऐतिहासिक काळातील मानतात. काही आकृतींत शहामृग व जिराफ ओळखून चित्रे अतिप्राचीन ठरवण्याचा प्रयत्न झाला आहे. शहामृग भारतात होता, हे पाटणे (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथील सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या नक्षीदार अंडकवचांवरून दिसते. तथापि केवळ लांब मानेवरून प्राण्याची जात ठरवणे धोक्याचे आहे, आणि जिराफाबाबत तर अंडकवचांसारखा पुरावाही मिळत नाही. बहुतांश चित्रे मध्याश्मयुगीन (लहान दगडी हत्यारे वापरणाऱ्या शिकारी मानवाच्या काळातील) व त्यानंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मध्य प्रदेशातच अशा चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले भीमबेटकाचे शैलाश्रय पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणले. २००३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

कालनिर्णयाचा पुरावा चित्रापुरता नसतो. आश्रयाच्या तळातील मातीत दगडी हत्यारे, राख व हाडे थराथराने साचलेली असतात, म्हणून तळ उकरणे किंवा फरसबंदी घालणे हे चित्र खरवडण्याइतकेच घातक ठरते. चित्र उठून दिसावे म्हणून पाणी मारणे, आडोशाला चूल पेटवणे, शेंदूर-तेल लावणे आणि नावे कोरणे यांनी झालेली हानी भरून येत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत गुहांचाही अंतर्भाव आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते.