बॅस रॉक

बॅस रॉक : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या मुखाशी असलेले निर्मनुष्य खडकाळ बेट. नॉर्थ बेरिक या गावाच्या ईशान्येस सुमारे ५ किमी. अंतरावर आणि जवळच्या किनाऱ्यापासून जेमतेम २ किमी. आत समुद्रात ते आहे. उंची १०७ मी., क्षेत्रफळ सुमारे ३ हेक्टर. एवढ्याशा जागेवर गॅनेट या समुद्रपक्ष्याची प्रचंड वसाहत असून २०१४ मध्ये केलेल्या मोजणीत तेथे घरट्यांच्या ७५,२५९ व्यापलेल्या जागा आढळल्या. त्या वेळी ती या पक्ष्याची जगातील सर्वांत मोठी वसाहत ठरली. उन्हाळ्यात किनाऱ्यावरून पाहिले, तर खडकाचा माथा व उतार पांढरेशुभ्र दिसतात. यातला थोडा पांढरेपणा विष्ठेचा, बाकी सारा पक्ष्यांचाच. बेटाचा राजकीय इतिहासही रंजक आहे, पण बॅस रॉक आज ओळखला जातो तो या दाटीमुळे. गॅनेटचे सामर्थ्य या दाटीत आहे आणि २०२२ मध्ये त्याच्यावर आलेले संकटही तिच्याच वाटेने आले.

भूरचना : बॅस रॉक म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. कार्बनीफेरस कल्पात, म्हणजे ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, तो नळीतच थंड झाला. भोवतीचा मऊ खडक हिमनद्यांनी व समुद्राने झिजवून नेला आणि आतला कठीण फोनोलाइट तेवढा मागे राहिला. नॉर्थ बेरिक गावामागची टेकडी आणि एडिंबरोचा किल्ला ज्यावर बांधला आहे तो कडा, दोन्ही अशाच घडणीचे आहेत. (दख्खनचा बेसाल्ट याच्या मानाने पुष्कळच तरुण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा.) बेटाला तीन बाजूंनी सरळ तुटलेले कडे आहेत. फक्त दक्षिणेला पायऱ्यापायऱ्यांचा उतार असून बोट लागण्याची जागाही तिकडेच आहे. समुद्र जरा खवळला की उतरणे अशक्य होते. बेटाच्या पोटातून आरपार गेलेले एक भुयार असून ओहोटीच्या वेळी त्यात शिरता येते.

गॅनेट : शास्त्रीय नाव मोरस बॅसानस. यातला ‘बॅसानस’ हा शब्द या बेटावरूनच आला आहे. लिनीअसने १७५८ मध्ये या पक्ष्याला नाव दिले, तेव्हा बॅस रॉकवरची वसाहत विद्वानांना आधीच ठाऊक होती. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी १६३३ मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यासोबत स्कॉटलंडला गेला होता. बॅस रॉकवर घरटी आणि अंडी इतकी दाट आहेत की पाय ठेवायला जागा मिळत नाही, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

गॅनेट हा बूबी पक्ष्यांच्या कुळातला. याच कुळातला मास्क्ड बूबी पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्यांनी भरकटून कधीकधी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर थकलेल्या अवस्थेत सापडतो, तेवढीच आपली या घराण्याशी ओळख. गॅनेट त्याच्याहून मोठा: लांबी जवळजवळ १ मी., पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १.८ मी., वजन ३ किग्रॅ.च्या आसपास. अंग पांढरे, पंखांची टोके काळी, डोके व मान फिकट पिवळसर, डोळ्यांचे बुबुळ फिके निळे आणि भोवती गडद निळे कडे. काळ्या पायांच्या बोटांवरून हिरव्या-निळ्या रेघा गेलेल्या असतात.

मासे पकडण्याची त्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. पाण्यापासून दहा ते तीस मीटर उंचीवरून तो हेरतो, अंग उलथे करून सूर मारतो आणि शेवटच्या क्षणी दोन्ही पंख पाठीमागे ओढून घेतो. पाण्याला भिडताना वेग ताशी ८० किमी.च्या पुढे गेलेला असतो. हा आघात सोसण्यासाठी त्याच्या छातीत व मानेत कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात. बाहेर उघडणाऱ्या नाकपुड्या त्याला नसतात. श्वास चोचीच्या कडेच्या फटीतून चालतो, त्यामुळे पाणी आत घुसत नाही. दोन्ही डोळे पुढच्या बाजूला रोखता येत असल्याने अंतराचा अंदाजही अचूक येतो.

घरट्यांची दाटी : थंडीतले महिने गॅनेट समुद्रावर काढतात. काही युरोपच्या किनाऱ्याजवळ राहतात, काही थेट पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातात. जानेवारी-फेब्रुवारीपासून ते परतू लागतात आणि शरद ऋतूच्या अखेरीस बेट पुन्हा रिकामे होते. आधी नर येतो, गेल्या वर्षीची जागा गाठतो आणि राखतो. समुद्रशेवाळ, गवत, पिसे आणि चिखल-विष्ठा यांचा उंचवटा म्हणजे घरटे. अलीकडे त्यात नायलॉनच्या दोऱ्या व जाळ्यांचे तुकडेही असतात आणि त्यांत पाय अडकून पक्षी मरतात.

दोन घरट्यांतले अंतर मीटरभरही नसते. शेजाऱ्याची चोच पोहोचणार नाही एवढेच अंतर प्रत्येक जण राखतो आणि तेवढ्या वर्तुळासाठी जीव तोडून भांडतो. चोचीत चोच अडकवून झालेली झुंज कधी तासभरही चालते. गॅनेटचे जवळपास सगळे वागणे या शेजारातून घडलेले आहे. समुद्रावरून परतणारा पक्षी उतरण्याआधी घोगऱ्या आवाजात ओरडत येतो आणि हजारोंच्या कल्लोळात त्याचा जोडीदार तो आवाज ओळखतो. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगांतही हे दिसून आले आहे. जोडी भेटली की दोघे छातीला छाती लावून, मान ताणून, एकमेकांच्या चोचीवर चोच घासत बराच वेळ उभे राहतात. घरटे सोडून जाणारा पक्षी आधी चोच सरळ आकाशाकडे करतो आणि सावकाश पाय उचलतो. ‘आता मी निघतो, तू थांब’ असा जोडीदाराला दिलेला हा इशारा. दोघेही एकाच वेळी उडाले, तर अंडे शेजाऱ्यांच्या आणि कुरवांच्या तावडीत सापडेल, म्हणून हा इशारा महत्त्वाचा.

मादी वर्षाला एकच अंडे घालते. इतर बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर उबवणीच्या काळात पिसे झडून उघड्या कातडीचा पट्टा तयार होतो, तसा गॅनेटला नसतो. तो पायांची रुंद पडदेदार बोटे अंड्यावर पसरतो आणि त्यांतल्या रक्ताच्या उष्णतेने अंडे उबवतो. सुमारे ४४ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. अंडे तडकू लागले, की पालक ते पायाखालून काढून पायांवर घेतो, नाहीतर वजनाने पिल्लू चिरडेल. काळ्या कातडीचे, जवळजवळ उघडे पिल्लू दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या लवीचा गोळा होते आणि पुढे काळपट ठिपकेदार पिसे येऊन पालकांहूनही वजनदार बनते.

सुमारे तेरा आठवड्यांनी ते कड्यावरून उडी घेते. कड्याच्या धारेवर ज्यांची घरटी आहेत, त्यांना हे सोपे. माथ्याच्या मध्यभागी वाढलेल्या पिल्लाला मात्र धारेपर्यंत पोहोचायला डझनावारी घरट्यांमधून वाट काढावी लागते आणि वाटेतला प्रत्येक शेजारी चोच मारतो. खाली समुद्रात पडल्यावर चरबीच्या भारामुळे त्याला पाण्यावरून पुन्हा उडता येत नाही. आठवडा-दोन आठवडे ते अंगातल्या चरबीवर तगते, पोहत दक्षिणेकडे निघते आणि मासे पकडायला एकटेच शिकते. पालक सोबत नसतात. अनेक पिल्ले या काळात मरतात. जी जगतात ती चार-पाच वर्षांची झाल्यावर वीण करतात आणि तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत.

या वर्तनाचा पायाभूत अभ्यास ब्रायन नेल्सन या पक्षिशास्त्रज्ञाने केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो व त्याची पत्नी जून बेटावरच्या पडक्या चॅपेलमध्ये एक लाकडी खोपटे उभारून राहिले. वर सांगितलेले इशारे, भांडणे आणि जोडीची भेट यांचे अर्थ त्याने पक्ष्यांच्या शेजारात ऋतूमागून ऋतू बसून लावले. आज दुरून चालणारे कॅमेरे आहेत, जीपीएस आहे, तरी या कामाचे मोल कमी झालेले नाही.

मानवी इतिहास : नेल्सन दांपत्याने आसरा घेतला ते चॅपेल आठव्या शतकातल्या बाल्ड्रेड या संन्याशाच्या स्मृतीशी जोडलेले आहे. मध्ययुगात बेट लॉडर घराण्याकडे होते व दक्षिण उतारावर त्यांचा किल्ला होता. १४०६ मध्ये स्कॉटलंडचा राजपुत्र जेम्स फ्रान्सला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे राहिला. पुढे ते जहाज इंग्रजांनी पकडले. १६७१ मध्ये सरकारने बेट विकत घेऊन तुरुंग केला आणि राजाने लादलेली धर्मव्यवस्था नाकारणाऱ्या कव्हेनंटर पंथीयांना तेथे डांबले. १६९१ मध्ये पदच्युत राजा जेम्सच्या बाजूच्या चार कैदी अधिकाऱ्यांनी पहारेकऱ्यांनाच बाहेर ठेवून किल्ला ताब्यात घेतला आणि १६९४ पर्यंत टिकवला. १७०६ पासून मालकी डॅलरिंपल घराण्याकडे आहे. डेव्हिड स्टीव्हन्सन याने बांधलेले दीपगृह १९०२ मध्ये सुरू झाले. १९८८ मध्ये ते स्वयंचलित झाल्यावर शेवटचे रखवालदार गेले आणि बेटावर माणसाची कायमची वस्ती उरली नाही.

या सगळ्या काळात गॅनेट हे बेटाचे उत्पन्न होते. पिल्ले उडण्याआधी कड्यावरून दोरांनी उतरून ती मारत. मांस खाण्यासाठी, चरबी व पिसे विकण्यासाठी. मालकाने ठरवलेल्या हंगामात, मोजून पक्षी घेतले जात, म्हणून वसाहत शतकानुशतके टिकली. पण मोठ्या पक्ष्यांवर बंदुका चालू लागल्या तशी ती खंगली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पकड थांबली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे अवघ्या ३ हजारांच्या आसपास जोड्या होत्या. त्यानंतर पक्ष्यांना फक्त निवांत राहू दिले आणि संख्या वाढत गेली. माथा भरला, उतार भरला, पडक्या भिंतींचे कठडे भरले, दीपगृहाकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडाही भरल्या.

अन्नाचे क्षेत्र : एवढ्या पक्ष्यांना जवळपासचा समुद्र पुरत नाही. पाठीवर यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात बॅस रॉकचे पक्षी शेकडो किलोमीटर जाताना आढळले. काही नॉर्वेच्या दिशेने ५०० किमी.हून दूर गेले. ब्रिटन-आयर्लंडभोवतालच्या बारा वसाहतींवरील २०१३ च्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली: शेजारच्या वसाहतींचे पक्षी समुद्राचे वेगवेगळे भाग वापरतात आणि एकमेकांच्या भागात क्वचितच शिरतात. समुद्रावर कोणी कोणाला हाकलत नाही, तरी ही वाटणी टिकते. फोर्थ व टे खाड्यांच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या बॅसच्या पक्ष्यांच्या याच जाण्यायेण्याच्या वाटेवर आहेत. पात्यांना धडकून किती पक्षी मरतील, ही चिंता रास्त आहे.

२०२२ ची साथ : एच५एन१ या बर्ड फ्लूने एप्रिल २०२२ मध्ये आइसलँडमधले गॅनेट मरू लागले. जूनमध्ये साथ बॅस रॉकवर पोहोचली. घरटे सोडून न जाणारा, शेजाऱ्याच्या चोचीच्या टप्प्यात बसणारा, परतल्यावर जोडीदाराच्या चोचीशी चोच घासणारा पक्षी विषाणूपुढे पूर्ण उघडा होता. निरीक्षणाखालच्या भागात व्यापलेल्या घरट्यांची संख्या किमान ७१ टक्क्यांनी घटली. मेलेल्या पक्ष्यांच्या शेजारी जिवंत पक्षी अंड्यांवर बसून होते. जगातल्या ५३ वसाहतींपैकी ४० ठिकाणी त्या हंगामात असाधारण मृत्यू नोंदले गेले. वीण करणारा गॅनेट सहसा दुसऱ्या वसाहतीत पाऊल टाकत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र यंत्रे लावलेले बॅसचे काही पक्षी दूरच्या वसाहतींत जाऊन आले. रोग पसरण्याच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची नोंद आहे.

याच सुमारास काही पक्ष्यांची निळी बुबुळे पूर्ण किंवा अंशतः काळी झालेली दिसली. धडधाकट दिसणाऱ्या १८ पक्ष्यांचे रक्त तपासले तेव्हा आठांत पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची प्रतिपिंडे मिळाली आणि त्यांतल्या सातांचे डोळे काळे होते. म्हणजे काही गॅनेट या रोगातून वाचतात. त्यांच्या दृष्टीवर काय परिणाम होतो हे कळणे गरजेचे आहे, कारण याच डोळ्यांच्या भरवशावर तो ३० मीटरवरून सूर मारतो.

२०२३ मध्ये ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून मोजणी झाली: ५१,८४४ व्यापलेल्या जागा, २०१४ च्या मानाने सुमारे ३१ टक्के कमी. रिकाम्या झालेल्या काही जागा जोडीदार शोधत वसाहतीच्या कडेला थांबणाऱ्या तरुण पक्ष्यांनी भरल्या असण्याची शक्यता आहे, त्यामुळे प्रत्यक्ष हानी या आकड्याहून मोठी असू शकते. वर्षाला एक अंडे आणि वयात यायला चार-पाच वर्षे, या हिशेबाने हानी भरून निघायला बराच काळ लागेल, तोही पुन्हा साथ आली नाही तर. नॉर्थ बेरिक येथील स्कॉटिश सीबर्ड सेंटर या २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्रातून बेटावरच्या कॅमेऱ्यांनी वसाहतीवर लक्ष ठेवले जाते. कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल, किटीवेक व पाणकावळ्याच्या जातीचे शॅगही वीण करतात, आणि पायथ्याच्या खडकांवर करडे सील दिसतात.