ग्लिसरॉलच्या प्लेटवर यीस्ट मंद का वाढतं?

यीस्ट-वाढ संच घेणाऱ्या शिक्षकांसाठी

संच पोहोचला की तिसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "ग्लुकोजच्या प्लेटवर भरगच्च वसाहती आहेत, ग्लिसरॉलवर काहीच नाही. माल शिळा आहे का हो?" माल ताजाच असतो. ती प्लेट टाकू नका, मुलांना दाखवण्यासारखं खरं तिच्यातच आहे.

संचात दोन वाण आहेत. 'क' म्हणजे साधं यीस्ट. 'ख' वाणाला कार्डिओलिपिन बनवता येत नाही. मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, आतल्या पटलातला हा स्निग्ध पदार्थ. पटलं ज्यांची बनतात त्या नेहमीच्या फॉस्फोलिपिडला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात, याला चार. मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो गुरांच्या हृदयातून वेगळा केला, म्हणून नावात 'कार्डिओ'. पॅथॉलॉजी लॅबमधल्या सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल तपासणीत प्रतिजन म्हणून वापरतात तो हाच.

ग्लुकोज मिळालं की यीस्ट ते आंबवून भागवतं, मायटोकाँड्रियावर त्याचं फारसं अडत नाही. म्हणून ३० अंशांवर तिथे दोन्ही वाण जवळपास सारखेच दिसतात. ग्लिसरॉल आंबवता येत नाही. श्वसन करूनच ऊर्जा मिळवावी लागते, त्यामुळे 'क'लाही जास्त दिवस लागतात. श्वसनाची प्रथिनं आतल्या पटलात रोवलेली असतात आणि कार्डिओलिपिन त्यांना एकमेकांशी जोडून धरतं. तयार एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) बाहेर नेणाऱ्या प्रथिनालाही ते घट्ट चिकटलेलं असतं. ते नसलं की ऊर्जा तुटपुंजी, पेशींचं विभाजन लांबतं, वसाहती बारीक राहतात. ३७ अंशांवर हा फरक लांबूनही कळतो.

मग 'ख' मुळात जगतो कसा, हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. कार्डिओलिपिनच्या आधीच्या पायरीवरचं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल त्याच्यात साठतं आणि थोडंफार काम निभावून नेतं. हे दोन्ही नसलेल्या यीस्टची पेशीभित्तिकासुद्धा कमकुवत होते.

एक कळकळीची विनंती. वडोदऱ्याच्या मे महिन्यात प्लेटा टेबलावर ठेवू नका. दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर राहिलेल्या प्लेटांमधलं 'अगर' (जेलीसारखं माध्यम) सुकून पापडासारखं कडांपासून सुटलं होतं, आणि चाळिशीपार दोन्ही वाण सारखेच अडतात, मग तुलना कसली? इनक्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात गार पाण्याच्या बाटल्या आणि थर्मामीटर ठेवून ३० अंश सांभाळा. प्लेटा उलट्याच ठेवा.

सहाव्या दिवशीही ग्लिसरॉलवर 'क' उगवला नाही, तर मात्र फोटो पाठवा. नवी प्लेट देऊ, पैसे लागणार नाहीत.