दातात भरायच्या मटेरियलची लॅब टेस्टिंग: अर्ज कोणी करायचा, कागदपत्रं काय लागतात

धुळ्यात एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणाऱ्याचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झाला की पुढचा प्रश्न ठरलेला: कंपोझिटची, म्हणजे दातात भरायच्या दाताच्या रंगाच्या मटेरियलची, ताकद मोजून कुठे मिळेल? जळगाव एमआयडीसीत पाइपवाल्यांकडे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन (वस्तू ओढून, दाबून, वाकवून ताकद मोजणारं यंत्र) असतं, तिथेच काम उरकू, असं वाटतं. पण आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वाकवून तोडायची कांडी असते २५ × २ × २ मिमीची. २० मिमी अंतराच्या दोन आधारांवर ठेवलेली ही कांडी समजा ८० मेगापास्कलला मोडली, तर तो भार जेमतेम २१ न्यूटनचा. दोन किलोच्या आसपासचा भार! टनावारी जोर मोजणाऱ्या लोडसेलवर (मशीनमधला भार मोजणारा भाग) तो आकडा भरवशाचा येत नाही. केळीचा ट्रक तोलायच्या काट्यावर सोनं तोलण्यातला प्रकार. म्हणून अर्ज करण्याआधी लोडसेल किती क्षमतेचा, हे फोनवर विचाराच. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) असेल तर तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, तुमची चाचणी आहे का, तेही बघा. नुसता लोगो पुरत नाही.

विद्यार्थ्याने अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने, कॉलेजच्या लेटरहेडवर द्यावा. सोबत मंजूर सिनॉप्सिस, मटेरियलचा बॅच नंबर व एक्स्पायरी, सेफ्टी डेटा शीट आणि चाचणीचा तपशील जोडा. घोडं अडतं ते या तपशिलाशीच. ‘स्ट्रेंथ टेस्ट करून द्यावी’ एवढं लिहून भागत नाही. मानक कोणतं, नमुने किती, मापं काय, मशीनचा वेग किती (४०४९ साठी मिनिटाला ०.७५ मिमी), सगळं लिहा. ग्लास आयोनोमर (दातात भरायचं एक सिमेंट) असेल तर आयएसओ ९९१७-१ प्रमाणे दाबून तोडायला ४ मिमी व्यासाचे, ६ मिमी उंचीचे नमुने लागतात.

काढलेले खरे दात वापरणार असाल तर एथिक्स कमिटीचं पत्र आधी घ्या. दात गोळा करून झाल्यावर परवानगी मागायला जाऊ नका.

कांडी क्युअर केल्यावर (लाइटने कडक केल्यावर) ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून २४ तासांनी मोडायची असते. त्यामुळे मशीनची वेळ हातात आल्याशिवाय नमुने बनवू नका. लॅब पुण्या-मुंबईला असेल तर साचा आणि क्युअरिंग लाइट घेऊन स्वतः जाणं बरं.

उत्पादकाचा रस्ता वेगळा. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार चाचणीपुरतं मटेरियल बनवायलाही परवाना लागतो: केंद्रीय परवाना प्राधिकरणाकडे एमडी-१२ या फॉर्ममध्ये अर्ज, परवाना एमडी-१३ मध्ये. बाहेरच्या लॅबकडून चाचणी करून घ्यायची तर तिच्याकडे एमडी-४० ची नोंदणी आहे का, ते तपासा. ए आणि बी (कमी जोखमीच्या) वर्गातल्या वस्तूंच्या उत्पादन परवान्याचा एमडी-३ अर्ज राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) जातो.

आणि हो, मे महिन्यात कंपोझिट साध्या कुरिअरने मागवू नका. डब्यावर बहुधा २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि जळगावात तेव्हा पारा ४४ ला टेकलेला असतो.